इथं वाव नाही म्हणे

वसमत रोडवरचा तो फ्लेक्स परभणीत एव्हाना सगळ्यांनी वाचलाय. बारावी झालेला मुलगा वर्षभर परदेशात समाजसेवेला निघालाय, खाली शुभेच्छुकांचे चेहरे. फ्लेक्सचा मला मुळातच तिटकारा आहे. पण संताप आला तो 'इथंच का नाही?' या माझ्या प्रश्नाला शुभेच्छुकांपैकी एकानं दिलेल्या उत्तराचा. "इथं त्याला वाव काय हो, सर?"

मुलगा गुणी आहे, त्याच्यावर रोख नाही. इंग्रजी सुधारतं, अर्जाला वजन येतं, ही कारणं निदान खरी तरी आहेत. 'वाव नाही' हे धादांत खोटं आहे.

दसरा उलटला की गंगाखेड, पालम, सोनपेठकडच्या गावांत जाऊन बघा. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयते घेऊन ऊसतोडीला निघतात. काही लेकरं सोबत जातात, त्यांची शाळा बुडते. काही आजीजवळ राहतात. गेल्या हिवाळ्यात अशाच एका ओसरीवर चौथीतली मुलगी ४२मधून १७ वजा करत होती. दोनातून सात जाईनात, म्हणून तिनं सातातून दोन काढले आणि ३५ लिहिले. आजीला दाखवलं. आजी म्हणाली, "बरोबर हाय." तिला तरी कुठून कळावं? सायन्सला शिकलेल्या पोरानं संध्याकाळी तासभर त्या ओसरीवर बसायला कुणाची परवानगी लागते? २०२५च्या सप्टेंबरात पुरानं शेतं खरडून नेली, त्यानंतर अनुदानाच्या ई-केवायसीसाठी म्हातारी माणसं सेवा केंद्रापुढं ताटकळली. त्यांचे कागद नीट लावून द्यायला शिकलेलं माणूस हवं होतं. याला वाव म्हणत नाहीत, तर कशाला म्हणतात?

परदेशी सेवेला माझा विरोध नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. हातात शस्त्रक्रियेची विद्या होती. तिथली भाषा शिकले, जखमी सैनिकांवर उपचार करत राहिले आणि १९४२ साली, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथंच वारले. द्यायचं ते त्यांनी आधी कमावलं होतं. भाषेचा गंध नसताना कुठल्याशा अनाथाश्रमात जायचं, लेकरांना जीव लावायचा आणि वर्ष भरलं की निघून यायचं, यात त्या लेकरांनी किती वेळा पोरकं व्हायचं? कंबोडियातल्या अशा आश्रमांमधल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं युनिसेफनंच पुढं आणलं. परदेशी पाहुणे आणि त्यांच्या देणग्या येत राहिल्या, तसे आश्रम वाढले. ते भरायला गरिबांची लेकरं घरातून उचलली गेली.

तरीही जायचं त्यानं जावं. अठराव्या वर्षी जग बघावंसं वाटणारच, अडवणारा मी कोण? शिकायला चाललोय म्हणा, कुणी नावं ठेवणार नाही. सेवेचीच ओढ असेल तर बाबा आमट्यांनी १९६७ साली सुरू केलेली सोमनाथची श्रमसंस्कार छावणी मे महिन्यात भरते, चंद्रपूर जिल्ह्यात, मूलजवळ. बारावीची परीक्षा मार्चात आटोपते. त्याच सुमारास साखर कारखान्यांचे पट्टे पडू लागतात, टोळ्या परततात आणि शाळा बुडालेली लेकरं गावातच असतात. मधले दोन महिने पालमला काढा.