शून्य गुण

आम्हां शाळामास्तरांच्या हाती एक मोठे हत्यार असते. ते म्हणजे शून्य. पाच गुण द्यावेत की सहा, ह्याचा आम्ही पेन्सिल रोखून विचार करतो. शून्य देताना मात्र क्षणभरही थांबत नाही. कोरे पान दिसले की लाल शाईचे वाटोळे काढायचे आणि पुढची वही ओढायची! अशी शेकडो वाटोळी मी काढली असतील. त्यांतले एक मला अजून छळते. ‘माझी दिवाळी’ एवढा मथळा लिहून एका मुलाने वही परत दिली होती. त्या दिवाळीत त्याच्या घरी काय घडले होते, ते मला फार उशिरा कळले.

परवा अवकाश-संशोधनाचा इतिहास वाचताना अशाच एका शून्याची हकीकत भेटली आणि ती वही पुन्हा डोळ्यांपुढे आली.

31 जानेवारी 1958 च्या रात्री अमेरिकेचा पहिला उपग्रह, एक्सप्लोरर-1, आकाशात गेला. वजन जेमतेम 14 किलो. तो बांधला पॅसाडेनाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीने. ही प्रयोगशाळा मूळची कॅलटेक ह्या विद्यापीठाच्या अंगणातली. 1936 साली तिथल्या काही तरुणांनी अग्निबाणांची जी खटपट केली, तिच्यातून ती जन्मली. त्या उपग्रहातले मुख्य उपकरण मात्र दूरच्या आयोवा विद्यापीठाचे होते. प्राध्यापक जेम्स व्हॅन ॲलन यांना विश्वकिरण मोजायचे होते, आणि त्यासाठी लागणारा गायगर गणक जॉर्ज लुडविग ह्या त्यांच्या विद्यार्थ्याने सिद्ध केला होता. रशियाचा स्पुटनिक आधीच फिरत होता. घाई अशी की, हुकूम मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत उपग्रह तयार झाला. लुडविग तर बायकामुलांसह पॅसाडेनाला जाऊन राहिला.

जयजयकार झाला. पण गणक विचित्र वागत होता. खाली असताना तो सेकंदाला तीसेक कण मोजी. फार उंच गेला की शून्य! उपकरण बिघडले म्हणून सोडून देणे किती सोपे होते. आयोवातल्या माणसांना ते शून्य गिळवेना. 26 मार्चला उडालेल्या एक्सप्लोरर-3 मध्ये साऱ्या प्रदक्षिणेची नोंद ठेवणारे यंत्र होते. आकडा झपाट्याने चढतो, मग एकदम शून्य होतो, असे त्यात दिसले. कार्ल मॅकइल्वेन ह्या तरुणाने तसाच गणक क्ष-किरणांपुढे धरून पाहिला. मारा फार तीव्र झाला की गणकाला सावरायला उसंतच मिळत नाही आणि तो शून्य दाखवतो! ‘काही नाही’ असे ते शून्य म्हणत नव्हते. ‘इतके आहे की मला मोजवत नाही’ असे म्हणत होते. 1 मे 1958 रोजी व्हॅन ॲलन यांनी हे जाहीर केले. पृथ्वीभोवतालचे ते किरणपट्टे आज त्यांच्या नावाने ओळखले जातात.

विद्यापीठ आणि प्रयोगशाळा यांनी एकत्र का यावे? पैसा, यंत्रे, कारागीर ही उत्तरे खोटी नाहीत. पण मला ती अपुरी वाटतात. प्रयोगशाळेला तारीख पाळायची असते. विद्यापीठाने शंका जोपासायची असते. नुसती तारीख पाळणारा शून्य नोंदवून पुढे जातो. नुसती शंका काढणाऱ्याचे उपकरण जमिनीवरून उठत नाही. मात्र पैशाच्या ओढीने विद्यापीठाने प्रयोगशाळेची घाईच उसनी घेतली, तर भागीदारी संपली. उरली ती चाकरी.

माझ्यासारख्याला ही दोन्ही माणसे एकाच अंगात बाळगावी लागतात. निकालाची तारीख मला चुकवता येत नाही. पण कोरे पान दिसले की हल्ली मी वही बाजूला ठेवतो आणि मुलाला बोलावून घेतो. बहुतेक वेळा त्याने अभ्यासच केलेला नसतो, हे कबूल केले पाहिजे. मग शून्य देतो. पण आधी विचारतो.