वास्तूचें पुण्य कोणाचें?

परळ येथील हाफकिन संस्थेची जुनी इमारत पाहतांना एक प्रश्न मनांत उभा राहिल्यावांचून राहत नाहीं. एखाद्या वास्तूंत घडलेल्या सत्कार्याचें श्रेय कोणाकडे जातें?

या इमारतीचा इतिहास थोडक्यांत असा. मूळची ही जेसुइट पाद्र्यांची वास्तु. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्रजांनीं ती त्यांच्यापासून काढून घेतली. पुढें विल्यम हॉर्नबी या गव्हर्नरानें तेथें निवास केला, आणि जेथें प्रार्थना होत असे तेथें मेजवान्या झडूं लागल्या. ज्यांचें नांव पुण्याच्या कॉलेजास आहे, त्या सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नी १८८२ सालीं याच बंगल्यांत पटकीनें वारल्या. परळ आतां नकोसें झालें. थोड्याच वर्षांत गव्हर्नरांचें बिऱ्हाड मलबार पॉइंटच्या समुद्रवाऱ्यावर गेलें. १८९६ त मुंबईंत प्लेग आला. हाफकिन यांनीं लस सिद्ध करून १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्याच अंगांत टोंचून घेतली, आणि १८९९ त त्यांची प्रयोगशाळा या राजगृहांत आली.

येथें कोणी म्हणेल, सरकारनें लोकहितासाठीं आपला प्रासाद दिला, केवढें हें औदार्य! आम्हांस तसें म्हणवत नाहीं. नकोशी झालेली वस्तु देण्यांत त्याग कसला? साप कात टाकतो, म्हणून त्यास कोणी दानशूर म्हणत नाहीं. दुसरा कोणी म्हणेल, बळानें घेतलेली वास्तु कायमचीच दूषित. हेंहि आम्हांस पटत नाहीं. लस टोंचून घेणाऱ्यानें भिंतींची वंशावळ विचारली नव्हती, आणि वाचलेल्या जिवाचें मोल त्या वंशावळीनें उणें होत नाहीं.

तात्पर्य, हेतु आणि फळ यांचे हिशेब वेगळे ठेवावे. फळ गोड निघालें म्हणून हेतु शुद्ध ठरत नाहीं. हेतु अशुद्ध म्हणून फळहि टाकाऊ होत नाहीं. श्रेय द्यावयाचें तें घर सोडून जाणाऱ्यांस नव्हे, तेथें राबणाऱ्यांस द्यावें. १९२५ सालीं संस्थेस जें नांव मिळालें तें कोणा गव्हर्नराचें नव्हे, हें म्हणूनच आम्हांस योग्य वाटतें.

अलीकडे जुन्या वास्तूंच्या जतनाची पुष्कळ चर्चा होते. भिंती अवश्य राखाव्या. परंतु त्यांच्या आंत काय चालतें, याची काळजी आधीं वाहावी.