परगावची निंदा आणि थकलेले तेरा रुपये

परगावच्या निंदेइतके स्वस्त व सर्वांस सुलभ असे करमणुकीचे दुसरे साधन क्वचितच असेल. नोकरीनिमित्त बंगळुरात आलेल्या मराठी मंडळींच्या बैठकीत पहिला पेला रिकामा होण्यापूर्वीच सिल्क बोर्डच्या चौकातील वाहनांची कोंडी आणि टँकरच्या पाण्याचा भाव हे विषय निघतात. ही निंदा खोटी असते असे आम्ही म्हणत नाही. आमचा प्रश्न निराळा आहे: ती करण्याचा अधिकार कोणाला, आणि कोणत्या अटीवर?

वस्तुस्थिती कठोर आहे. या नगराला मोठी नदी नाही. केंपेगौडाच्या काळापासून ते तलावांवर जगत आले. त्यांपैकी धर्मांबुधी तलावाच्या जागी आज मुख्य बसस्थानक उभे आहे, तर संपंगी तलावाच्या जागी कंठीरव क्रीडांगण. १९५१ साली सुमारे ८ लाख असलेली वस्ती २०११ च्या जनगणनेत ८४ लाखांवर गेली. पिण्याचे पाणी सुमारे १०० किलोमीटरांवरून, कावेरीतून, सुमारे ५०० मीटर वर चढवून आणावे लागते. आणि वापरलेले पाणी मात्र उताराने तलावांत जाते. बेळ्ळंदूरच्या तलावावर फेसाचे डोंगर चढले आणि २०१७ साली त्या तलावातून धुराचे लोट उठले, हे साऱ्या देशाने पाहिले. पाण्याच्या ठिकाणी आग लागावी, यावर प्रवाशाने नाक मुरडले तर त्याला दोष कोण देईल?

परंतु प्रवासी आणि रहिवासी यांत भेद आहे. १८९६ साली विन्स्टन चर्चिल नावाचा तरुण लष्करी अधिकारी येथील छावणीत आला. गुलाबांनी वेढलेल्या बंगल्यात तो सुखाने राहिला आणि आईला लिहिलेल्या पत्रांत मात्र त्याने या गावास हलक्या दर्जाचे ठरविले. पुढे १८९९ साली येथील क्लबाच्या वहीत, वसूल न होणाऱ्या रकमांच्या यादीत, त्याच्या नावापुढे १३ रुपये लिहिले गेले. रक्कम क्षुल्लक खरी; पण अभिप्राय देऊन जावे आणि देणे ठेवून जावे, ही वृत्ती क्षुल्लक नव्हे.

आपल्या मंडळींतही ती आढळते. शहाजीराजांना ही जहागीर मिळाली, हे पाहुण्यास सांगताना गाव ‘आपले’ असते. तुंबलेल्या गटाराशी येताच ते ‘यांचे’ होते. वस्तुतः तलावात जाणाऱ्या सांडपाण्याला कन्नड सांडपाणी आणि मराठी सांडपाणी असा भेद ठाऊक नाही. गावात गर्दी फार झाली असे म्हणणारा प्रत्येक जण त्या गर्दीत एकाने भर घालूनच ते म्हणत असतो.

यावर कोणी म्हणेल, ज्याचे मीठ खावे त्याविषयी वाईट बोलू नये. हा न्याय आम्हांस मान्य नाही. मिठाला जागणे म्हणजे मौन पाळणे नव्हे. तसे असते तर घरच्या माणसाने घराचे छप्पर गळते हेही सांगू नये. उलट, बोलण्याचा अधिकार रहिवाशासच अधिक, कारण त्या दुरुस्तीचा वाटा त्याला उचलावयाचा असतो. प्रवाशाच्या निंदेस काहीच किंमत पडत नाही, म्हणून तिला वजनही नसते.

मग देणे फेडावयाचे कसे? पालिकेची नोटीस वाचता येण्याइतके कन्नड शिकावे, आपल्या इमारतीचे सांडपाणी कोठे जाते याची चौकशी करावी, आणि बैठकीत जे बोलतो तेच वॉर्डाच्या कचेरीत जाऊन लेखी द्यावे. मुंबईत बाहेरून आलेल्यांकडून आपण याहून कमी अपेक्षा धरीत नाही.

निनावी तक्रार दप्तरी दाखल होते, तिच्यावर कार्यवाही होत नाही, हे सरकारी नोकरांस सांगणे नको. नगरावरील टीकेलाही हाच नियम लागू आहे. तिच्याखाली अर्जदाराचा पत्ता असला पाहिजे. आणि तो पत्ता, निदान बदलीचा हुकूम येईपर्यंत, बंगळूरचाच असला पाहिजे.