चार मुष्टियोद्धे आणि एक निवाडा

गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकातल्या ब्रिटिश मुष्टियुद्धाचा विषय निघाला की दोन नावे जोडीनेच येतात : नायजेल बेन आणि क्रिस युबँक. डब्लिनच्या स्टीव्ह कॉलिन्सचे नाव बरेच उशिरा येते, तेही समोर कोणी आयरिश बसला असेल तर. आणि मायकेल वॉटसनचे नाव आले की बोलणारे हळहळतात आणि पुढच्या झुंजीकडे वळतात. कोणाचा वारसा मोठा, हे ठरवताना हाच क्रम गृहीत धरला जातो. मला तो मान्य नाही. माझ्या मते तो शेवटाकडून वाचायला हवा.

आधी नुसते निकाल पाहू. २१ मे १९८९ रोजी उत्तर लंडनमधल्या फिन्सबरी पार्कात उभारलेल्या तंबूत वॉटसनने बेनला सहाव्या फेरीत आडवे केले. तोवर बेनने बावीस झुंजी खेळल्या होत्या आणि बावीसही नॉकआउटने जिंकल्या होत्या. नोव्हेंबर १९९० मध्ये बर्मिंगहॅमला युबँकने बेनला नवव्या फेरीत थांबवले. १९९१ मध्ये तो वॉटसनलाही दोनदा भारी पडला. १९९३ मध्ये मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर बेन आणि युबँक पुन्हा भिडले, बरोबरी झाली. मग कॉलिन्स आला. १९९५ मध्ये त्याने युबँकला दोनदा हरवले, १९९६ मध्ये बेनला दोनदा. चार झुंजी, चार विजय. कोणी कोणाला हरवले, एवढ्यावरच वारसा ठरत असता तर वाद तिथेच मिटला असता.

यावर ठरलेला आक्षेप असा, की कॉलिन्सच्या वाट्याला आले तेव्हा ते दोघे संपलेले होते. बेनच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. कॉलिन्ससमोर उभा राहण्याआधीच तो आपला किताब गमावून बसला होता. पहिल्या झुंजीत चौथ्या फेरीत त्याचा घोटा दुखावला, दुसऱ्या झुंजीत सहाव्या फेरीनंतर तो स्टुलावरून उठला नाही. पण युबँकबद्दल हे म्हणता येत नाही. मार्च १९९५ मध्ये तो अपराजित होता आणि वयाने कॉलिन्सपेक्षा दोन वर्षांनी लहान होता. उलट कॉलिन्सच थकायला हवा होता. अमेरिकेत मार्व्हिन हॅगलरच्या तालमीत तो घडला, १९९० मध्ये बोस्टनला माइक मॅकॅलमसारख्या कसलेल्या विजेत्यासमोर पूर्ण बारा फेऱ्या टिकला आणि गुणांवर हरला. त्याच वर्षी त्याच मॅकॅलमने वॉटसनला अकराव्या फेरीत संपवले होते. कॉलिन्सला कमी लेखणाऱ्यांनी मॅकॅलमसमोरची त्याची झुंज बघावी.

तरीही लोकांच्या आठवणीत तो मागे राहिला, याचे मोठे कारण दूरचित्रवाणी आहे. ओल्ड ट्रॅफर्डची झुंज आयटीव्हीवर होती. दीड कोटीहून अधिक लोकांनी ती घरबसल्या फुकट पाहिली, सोमवारी शाळेत-कारखान्यात तिचीच चर्चा होती. त्यानंतर युबँक पैसे भरून पाहायच्या स्काय वाहिनीकडे गेला आणि कॉलिन्सने त्याला हरवले ते तिथे. थोड्यांच्या घरात दिसलेला विजय थोड्यांच्याच स्मरणात राहतो. कॉलिन्सच्या कर्तृत्वाशी याचा काही संबंध नाही.

कॉलिन्स–युबँकची पहिली झुंज जिथे झाली ते मिलस्ट्रीट म्हणजे कॉर्क परगण्यातले छोटेसे गाव, तिथले घोडेस्वारीच्या स्पर्धांसाठी बांधलेले सभागृह. युबँकचा प्रवेश नेहमीच थाटाचा असे. त्या रात्री तो हार्ली-डेव्हिडसन मोटरसायकलवर प्रकटला. समोर कॉलिन्स कोपऱ्यात खाली बसलेला, कानांवर हेडफोन, नजर वर नाही. आपण संमोहन करून घेतले आहे, असे त्याने आधीच जाहीर केले होते. ते खरे होते की डाव होता, हा भाग वेगळा. युबँक मात्र त्याने हलला. आठव्या फेरीत तो खाली गेला, दहाव्यात त्याने कॉलिन्सला खाली पाडले, आणि कॉलिन्स एकमताने गुणांवर जिंकला. मला या रात्रीतली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळी वाटते. युबँकचा प्रतिस्पर्धी मुळात कॉलिन्स नव्हताच. बेलफास्टचा रे क्लोज त्याच्याशी तिसऱ्यांदा लढणार होता. क्लोजच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये दोष दिसला, त्याला रिंगणात उतरू दिले गेले नाही आणि ती जागा कॉलिन्सला मिळाली.

मेंदू हाच या साऱ्या गोष्टीचा धागा आहे. २१ सप्टेंबर १९९१, टॉटनहॅम क्लबचे व्हाइट हार्ट लेन मैदान, वॉटसन–युबँक दुसरी झुंज. वॉटसन गुणांवर पुढे होता. अकराव्या फेरीच्या अखेरीस त्याने युबँकला पाडले. युबँक उठला आणि उठता उठता त्याने खालून वर एक ठोसा लगावला. वॉटसन मागे कोसळला आणि त्याचे डोके-मान खालच्या दोरावर आदळली. घंटा वाजली, तो बाराव्या फेरीसाठी आलाही, पण काही सेकंदांत पंचांनी झुंज थांबवली.

पुढचे बरेचसे नंतरच्या खटल्याच्या निकालपत्रात नोंदलेले आहे, आणि ते कोणत्याही झुंजीच्या वर्णनाहून अंगावर येते. हजर असलेल्या डॉक्टरांपैकी एकाने वॉटसनला तपासले तेव्हा सात मिनिटे उलटली होती. नॉर्थ मिडलसेक्स रुग्णालयात पोहोचेपर्यंत अर्धा तास होत आला. तिथे श्वासनलिकेत नळी घालून कृत्रिम श्वास सुरू झाला. मेंदूवरच्या शस्त्रक्रियेसाठी त्याला पुन्हा सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात हलवावे लागले. त्याच्यावर सहा शस्त्रक्रिया झाल्या. चाळीस दिवस तो बेशुद्ध होता. डाव्या अंगातली शक्ती गेली.

वॉटसनने युबँकवर दावा लावला नाही. त्याने दावा लावला तो ब्रिटिश बॉक्सिंग बोर्ड ऑफ कंट्रोलवर. बोर्डाचा बचाव सरळ होता : आम्ही झुंज भरवत नाही, फक्त परवाने देतो आणि नियम करतो. १९९९ मध्ये उच्च न्यायालयाने आणि डिसेंबर २००० मध्ये अपील न्यायालयाने हा बचाव फेटाळला. झुंजीच्या जागी वैद्यकीय सोय काय असावी हे बोर्डच ठरवते आणि मुष्टियोद्धा त्या ठरवण्यावर विसंबून रिंगणात उतरतो. म्हणून त्याची काळजी घेणे हे बोर्डाचे कायदेशीर कर्तव्य आहे, असे न्यायालयाने म्हटले. जे उपचार रुग्णालयात मिळाले ते रिंगणाशेजारीच मिळायला हवे होते. बोर्डाकडे विमा नव्हता. भरपाई देता देता त्याला लंडनमधले मुख्यालय विकून कार्डिफला जावे लागले आणि वॉटसनने अपेक्षेहून बऱ्याच कमी, चार लाख पौंडांवर तडजोड केली. खेळाचे नियम करणारी संस्था त्या नियमांच्या उणिवांना जबाबदार असते, हे तत्त्व आज कायद्याचे विद्यार्थी त्याच्या नावाने शिकतात. बेन, युबँक, कॉलिन्स यांच्यापैकी कोणाच्या नावावर असे काही नाही.

रिंगणाशेजारच्या उपचारांनी काय साधते, याचा पुरावा निकालाच्याही आधी मिळाला. मिलस्ट्रीटच्या तीनच आठवडे आधी लंडनमध्ये बेन आणि अमेरिकेचा जेराल्ड मॅक्लेलन यांची झुंज झाली. पहिल्याच फेरीत बेन दोरांमधून बाहेर फेकला गेला. दहाव्या फेरीत मॅक्लेलन गुडघ्यावर बसला आणि थोड्या वेळाने कोसळला. या वेळी भूलतज्ज्ञ रिंगणाशेजारी होता, रुग्णवाहिका तयार होती. मॅक्लेलन जगला. त्याची दृष्टी मात्र गेली, श्रवणशक्तीही बरीचशी गेली. म्हणजे ही व्यवस्था जीव वाचवू शकते, मेंदू वाचवू शकत नाही. मुष्टियुद्धावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य पचवता यायला हवे. मला ते अजून पूर्ण पचलेले नाही.

युबँकच्या वारशाचा विचार करताना मी त्याच्या किताबांपेक्षा त्याच्या बदललेल्या लढण्याकडे बघतो. १९९१ नंतरच्या त्याच्या बहुतेक झुंजी गुणांवर संपल्या. आता प्रतिस्पर्ध्याला संपवायला आपला हात उचलत नाही, असे तो स्वतः सांगत आला. २००३ मध्ये वॉटसनने लंडन मॅरेथॉन सहा दिवस चालत पूर्ण केली, तेव्हा युबँक त्याच्या सोबत चालला. चढाओढीतून जन्मलेले इतके सभ्य नाते या खेळात मी दुसरे पाहिलेले नाही.

एप्रिल २०२५ मध्ये बेन आणि युबँक यांचे मुलगे एकमेकांसमोर उभे राहिले ते टॉटनहॅमच्या नव्या मैदानावर, म्हणजे जुने व्हाइट हार्ट लेन पाडून त्याच जागी उभारलेल्या मैदानावर. युबँकचा मुलगा गुणांवर जिंकला. नोव्हेंबरात बेनच्या मुलाने परतफेड केली. जाहिरातीत वडिलांच्या वैराचा उदोउदो होता. मला खटकले ते करारातले एक कलम. धाकट्या युबँकने १६० पौंड वजनात बसायचे आणि झुंजीच्या दिवशी सकाळी १७० च्या वर जायचे नाही. पहिल्या वजनाला तो जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅमने जास्त भरला आणि त्याला पावणेचार लाख पौंड दंड बसला. जिंकल्यानंतर तो रुग्णालयात गेला. शरीरातले पाणी तोडून नंतर ते भरून काढू दिले नाही, तर ठोशांनी मेंदूला इजा होण्याचा धोका वाढतो, असे डॉक्टर कधीपासून सांगत आहेत. २०२२ मध्ये याच दोघांची झुंज याहून कमी वजनावर ठरली होती, तेव्हा थोरल्या युबँकने ती रद्द करावी म्हणून उघड आवाज उठवला होता. त्याने काय पाहिले आहे हे सगळ्यांना ठाऊक असूनही तेव्हा तो विक्षिप्त ठरला. अशी कलमे बोर्डाने स्वतःच्या नियमांत आणून वैद्यकीय कसोटीवर तपासली पाहिजेत, नाहीतर बंद केली पाहिजेत. तो दोन पक्षांमधला खासगी करार आहे, हे उत्तर वॉटसनच्या निवाड्यानंतर बोर्डाला देता येणार नाही.