बोर्ड दुरुस्त करावा की बदलावा?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गेले दोन आठवडे इंदूरच्या ग्रुपवर एकच विषय चालू आहे. तिथल्या उपासना केंद्राचा कॉम्प्युटर मधेच बंद पडतो, कधी सुरूच होत नाही, आणि झालाच तर तारीख २०१२ सालची दाखवतो. एका काकांनी काकूंच्या वर्षश्राद्धाला तो केंद्राला अर्पण केला होता. गुरुवारच्या प्रवचनांची सगळी ध्वनिमुद्रणं त्यातच आहेत. तरुण मंडळी म्हणतात, मदरबोर्ड गेला, नवीन घेऊन टाकू. काका म्हणतात, तिची आठवण आहे, भंगारात देऊ नका. हिशेब बघणाऱ्या ताई म्हणतात, पैसा अन्नदानाचा आहे, जपून. तिघांचंही म्हणणं प्रेमातूनच आलंय, म्हणून तर पेच आहे.

आधी निदान, मग निकाल. "मदरबोर्ड गेला" हे आपण किती पटकन बोलतो! घरातल्या एखाद्या माणसाबद्दलही असंच बोलून मोकळे होतो, "त्याच्यात आता काही राम नाही." अहो, पण बघितलं का? तारीख मागे जाते तेव्हा बहुधा बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. सीआर २०३२ म्हणून मागा, किरकोळ किमतीत मिळते. यंत्र मधेच बंद पडत असेल तर वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, दुसरा लावून बघा. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांच्या सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसा आणि परत बसवा. प्रोसेसरवरचा पंखा धुळीने जाम झाला असेल तर तापूनही यंत्र बंद पडतं. (वायर आधी काढायची, हे सांगायला नको.) इंदूरची धूळ आणि गोव्याची दमट खारी हवा, दोन्ही या यंत्रांच्या वैरी आहेत. आणि खंडेनवमीला पूजा जरूर करा, पण हळदकुंकू कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला लावा, पंख्याच्या जाळीत नको. अक्षता आत गेलेल्या आम्ही पाहिल्या आहेत!

एवढं करूनही दोष राहिला, तरच बोर्डाकडे बघायचं. इंदूरला तसंच झालं. बॅटरी बदलली, तारीख ठीक झाली, पण बंद पडणं थांबेना. मग उघडून पाहिलं तर प्रोसेसरजवळचे चार कपॅसिटर फुगलेले. छोट्या उभ्या डब्यांसारखे असतात ते. त्यांचा माथा सपाट हवा. तो फुगला किंवा त्यातून तपकिरी द्रव आला, की समजावं. हा दोष बरा होणारा आहे. तेवढ्याच क्षमतेचे, तेवढ्याच किंवा थोड्या जास्त व्होल्टचे, १०५ अंश तापमान सोसणारे कपॅसिटर चांगल्या हाताच्या कारागिराने डागले, की बोर्ड पुन्हा कामाला लागतो. पण बोर्ड जळून काळा पडला असेल किंवा पाणी जाऊन गंजला असेल तर हट्ट धरू नये. बोर्डाच्या आत तांब्याच्या तारांचे थरांवर थर असतात, आतल्या थरापर्यंत डागणी पोचत नाही. काही ठिकाणी चिप गरम करून "चालू करून देतो" म्हणतात. तो बहुधा तात्पुरता उपाय. महिन्याभरात पुन्हा तेच.

आता "नवा बोर्ड घेऊ" म्हणणाऱ्यांसाठी. नुसता बोर्ड बदलत नाही हो! या यंत्रातला इंटेलचा प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा, त्याला ११५५ नावाचं सॉकेट लागतं आणि रॅम डीडीआर३. आजच्या बोर्डावर यातलं काहीच बसत नाही. म्हणजे बोर्ड, प्रोसेसर, रॅम तिन्ही नवीन. वापरलेला जुना बोर्ड मिळतो, पण तोही याच वयाचा, त्याचंही किती राहिलंय कोणास ठाऊक. शिवाय विंडोज १० ला कंपनीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही. पण केंद्राला हवंय काय? भजनं लावणं, ध्वनिमुद्रण करणं. त्याला लिनक्स घातलेलं जुनं यंत्रही पुरतं.

ग्रुपवर कुणीतरी गीतेतला जुन्या वस्त्रांचा दृष्टांत टाकला. तो दृष्टांत रणांगणावर शोकात बुडालेल्या अर्जुनाला आत्म्याविषयी सांगितलेला आहे, खरेदीची परवानगी म्हणून नव्हे! दुसऱ्या एकाने लिहिलं, "दान दिलं की ते आपलं राहत नाही." शास्त्र बरोबर, पण जागा चुकली. त्यानंतर काकांनी तीन दिवस ग्रुपवर एक अक्षर लिहिलेलं नाही. बोर्डापेक्षा आम्हाला याची जास्त काळजी वाटते. 'इदं न मम' हे ज्याने दिलं त्याने स्वतःशी म्हणायचं असतं, दुसऱ्याने त्याला ऐकवायचं नसतं. ज्यांनी लिहिलं त्यांनी काकांच्या घरी जावं, चहा घ्यावा, बसावं.

आणि काकांना एक सांगावं. आवाज बोर्डात नसतो. तो हार्ड डिस्कमध्ये असतो, आणि बोर्ड गेला म्हणून डिस्क जात नाही. ती काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते. जुन्या कॅसेटींवरून उतरवलेल्या आरत्या त्या डिस्कवर आहेत, आणि त्यांत काकूंचा आवाज आहे. कपॅसिटर बदलायच्या आधी हे काम करायचं. (घरी नवे लॅपटॉप असणाऱ्यांनी सावध राहावं. काहींत साठवणच बोर्डाला डागलेली असते, काहींत डिस्क कुलूपबंद असते आणि बोर्ड बदलला की रिकव्हरी की मागते. ती की आजच वहीत लिहून ठेवा.)

आमचं मत असं. कपॅसिटर एकदा बदलून घ्यावेत, नव्या संचाच्या मानाने हा खर्च फारच कमी आहे. पण मर्यादा आधीच ठरवावी. बोर्ड पुन्हा बिघडला तर त्यावर दुसऱ्यांदा पैसा घालायचा नाही, नवीन घ्यायचं. आणि नवीन घेतलं तरी कॅबिनेट तेच ठेवावं. ते एटीएक्स मापाचं आहे, त्याच मापाचा नवा बोर्ड त्यात बसतो. काकूंच्या नावाची पट्टी जिथे आहे तिथेच राहील.

जुना बोर्ड रद्दीवाल्याला देऊ नये, तांब्यासाठी तो जाळतात आणि धूर विषारी असतो. २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणी झालेल्या पुनर्वापर केंद्राकडे द्यावा.

डिस्कच्या दोन प्रती येत्या रविवारी सकाळच्या आरतीनंतर काढायच्या आहेत. एक इंदूरला राहील, दुसरी बेळगाव केंद्राकडे जाईल. सेवेला दोघे जण लागतील. नावं ताईंकडे द्यावीत, आणि काकांना आणायला कोण जाणार तेही कळवावं.

॥ जय गुरुदेव ॥