धुण्याचाच मळ

भाविकहो, वारकऱ्याला घरातली माणसे कधी कधी एक प्रश्न विचारतात आणि तो ऐकून वारकरी गप्प होतो. गळ्यात इतकी वर्षे माळ आहे, एकादशी आहे, वारी चुकत नाही. मग सुनेवर आवाज चढवणे का सुटत नाही? साधनाने चित्ताचा मल जातो असे शास्त्र सांगते. मग साधन करूनही चित्त खरखरीत का राहते?

उत्तरासाठी एक दृष्टांत घेऊ. दृष्टांत एकदेशी असतो, म्हणून लागू पडेल तेवढाच घ्यावा.

डोंबिवलीकरांना प्रीमियर मैदान ठाऊक आहे. त्या नावामागची प्रीमियर मोटार कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी गाड्या निघाल्या. मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. पण वडिलांची पद्मिनी जपणारी घरे ठाणे-कल्याणकडे अजून आहेत. अशी जुनी गाडी निळा धूर सोडू लागली, की मिस्त्री सांगतो, "इंजिन खोलावे लागेल."

बाहेरून पुसून, रंग मारून तो धूर थांबत नाही. मळ आत आहे, आणि बराचसा मळ बाहेरून आलेलाही नाही. पेट्रोल आणि तेल जळून पिस्टनच्या माथ्यावर कार्बन बसतो. तो इंजिनाच्या स्वतःच्या चालण्यातून आलेला. आपलेही तसेच आहे. संसार ओढला म्हणून काजळी धरली. त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही, पण ती काढावी मात्र लागते.

मिस्त्री सगळे भाग सुटे करतो. लोखंडी ब्लॉक कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात धुतला तरी चालतो. पद्मिनीचे हेड मात्र अ‍ॅल्युमिनियमचे. सोडा त्याला खाऊन टाकतो. ते रॉकेलने, हलक्या हाताने धुवायचे. आपल्याकडे याला अधिकारभेद म्हणतात. ज्याला निर्जळी झेपते त्याने ती खुशाल करावी, आजारी माणसावर लादू नये.

पुढे सिलिंडर झिजलेला निघाला, तर झीज धुऊन भरून येत नाही. तो बोअर करून किंचित मोठे पिस्टन बसवावे लागतात. मग होनिंगच्या दगडाने आतून बारीक तिरप्या रेघा पाडतात, त्यात तेल टिकून राहते. आता सिलिंडर अगदी नवा दिसतो, आणि खरा धोका इथेच आहे. घासणाऱ्या दगडाची आणि घासलेल्या लोखंडाची पूड त्या रेघांत, तेलाच्या बारीक वाटांत बसलेली असते. ती तशीच ठेवून इंजिन बांधले, तर तेलात मिसळून ती नव्या रिंगा आणि बेअरिंगा झिजवते. ज्या घासण्याने शुद्ध केले, त्याचाच मळ झाला.

सिद्धांत असा. वाऱ्यांनी आपला काम, क्रोध, लोभ घासला जातो, हे खरे. पण "मी चाळीस वाऱ्या केल्या" यातल्या 'मी'ची पूड मागे राहते. ती ओळखू येत नाही, कारण ती शुद्धीच्याच रंगाची असते. एकादशीच्या ताटात सुनेकडून चुकून काही वाढले गेले आणि आवाज चढला, तर तो सगळा जुना क्रोध नव्हे. ती उपवासाची पूड आहे.

येथे शंका येईल, की मग साधनच सोडावे काय? घासलेच नाही तर पूड उरणार कुठून? पण न घासलेले इंजिन धूरच सोडत राहील. घासणे सोडून उपयोग नाही, शेवटचे धुणे चुकवू नये. जाणता मिस्त्री नुसत्या रॉकेलवर भागवत नाही. साबणाच्या कोमट पाण्याने सिलिंडर घासून धुतो, तेलाच्या वाटांतून ब्रश घालतो आणि पांढरे फडके फिरवतो. फडके करडे निघाले की पुन्हा धुतो. इथे डोळ्याचा भरवसा नाही, फडके सांगेल ते खरे.

संप्रदायाने हे शेवटचे धुणे आपल्याला दिलेले आहे. वारकरी भेटला की वय, जात, विद्या न पाहता आपण त्याच्या पाया पडतो, आणि तोही आपल्या पाया पडतो. 'मी'ची पूड त्या वाकण्याने निघते. आपण मात्र दिंडीत वाकतो आणि घराच्या उंबऱ्यात ताठ होतो. आणि पांढरे फडके म्हणजे घरची माणसे. आपण शुद्ध झालो की नाही, हे आपण सांगायचे नसते. त्यांच्यावर काय उमटते ते पाहायचे असते.

एक गोष्ट राहिली. धुतलेले उघडे लोखंड लगेच गंज धरते, म्हणून मिस्त्री ते कोरडे होताच तेलाचा हात फिरवतो. मनही धुऊन रिकामे ठेवू नये. त्यावर नाम असावे.

तेव्हा माउली, वारीहून घरी परताल तेव्हा प्रसाद वाटण्याआधी एक करून पाहा. ज्याच्यावर आपला आवाज सर्वांत जास्त चढतो, त्याच्यापुढे आधी वाका. मग ती सून का असेना.

राम कृष्ण हरी.