बाजेचे चार कोपरे

आजचा शास्त्रभाग : मार्क २:१-१२



आजचं मनन संडे स्कूलच्या शिक्षकांना जरा जास्त जवळचं वाटेल, पण घरात मुलं असणाऱ्या सगळ्यांसाठीच ते आहे. या रविवारी आमच्या वर्गात ‘प्रभू बरे करतो’ हा पाठ होता. आमचा वर्ग म्हणजे चर्चच्या मागची एक खोली, सोळा मुलं आणि मी. सगळ्यात धाकटी चार वर्षांची, सगळ्यात मोठा चौदाचा. वेगळे गट करायला ना खोल्या आहेत, ना शिक्षक. आठवडाभर मी कंपनीत कोड लिहितो आणि शनिवारी रात्री पाठ तयार करतो.

खरं सांगतो, या पाठाची मला भीती वाटत होती. दोन वर्षांपूर्वी हाच पाठ मी घेतला होता आणि तो चुकला होता.

तेव्हा मी पक्षघाती माणसाची गोष्ट अगदी रंगवून सांगितली. शेवटी म्हणालो, “विश्वास असला की प्रभू बरं करतोच! चला, सगळे उठा, उड्या मारा!” सगळी पोरं उठली, नाचली, टाळ्या वाजल्या. एकच मुलगा बसून होता. तो जन्मापासून चालू शकत नाही, व्हीलचेअरवर येतो. तेव्हा सहा वर्षांचा होता. सगळ्यांकडे बघून तोही टाळ्या वाजवत होता.

वर्ग सुटल्यावर त्याची मोठी बहीण सतरंजी घडी करायला थांबली. खाली बघतच तिनं विचारलं, “दादा, आम्ही घरी रोज प्रार्थना करतो. मग आमचा विश्वास कमी आहे का?”

मी ‘देवाची वेळ’ वगैरे काहीतरी बोललो. ती “हो” म्हणाली आणि गेली. माझं उत्तर तिला पटलं नव्हतं, मलाही पटलं नव्हतं.

मित्रांनो, त्या रात्री माझी चूक माझ्या लक्षात आली. मी विश्वास म्हणजे इनपुट आणि बरं होणं म्हणजे आउटपुट असं शिकवलं होतं. आउटपुट आलं नाही की आपण बग कुठे शोधतो? इनपुटमध्ये. दहा वर्षांची ती मुलगी तेच करत होती. भाऊ चालत नाही, म्हणजे बिघाड आपल्यातच असणार! एका लहान जिवावर मी केवढं ओझं टाकलं होतं.

पवित्र शास्त्र असं ओझं टाकत नाही. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला, पण कृपा पुरेशी पडली (२ करिंथ १२). त्याच पौलाने त्रफिमाला मिलेतात आजारी असताना मागे ठेवलं (२ तीमथ्य ४:२०), आणि पोटाच्या तक्रारीसाठी तीमथ्याला उपाय सुचवला (१ तीमथ्य ५:२३). यांचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल? आणि जन्मांधाविषयी शिष्यांनी ‘पाप कोणाचं?’ असं विचारलं, तेव्हा प्रभूने तो दोष त्या माणसावरही टाकला नाही आणि त्याच्या आईबापांवरही नाही (योहान ९:३).

म्हणून यावेळी मी मार्कचा दुसरा अध्याय आठवडाभर रोज वाचला. तीन गोष्टी नव्याने दिसल्या.

पहिली, प्रभूने कोणाचा विश्वास पाहिला? ‘त्यांचा’. आजारी माणूस पूर्ण वेळ एक शब्दही बोलत नाही. त्याला किती विश्वास होता, हे प्रभू मोजत बसत नाही. घामाघूम होऊन वर चढलेल्या मित्रांचा विश्वास त्याला दिसतो.

दुसरी, प्रभू त्याला आधी ‘मुला’ म्हणतो, पापांची क्षमा देतो, आणि मग उठायला सांगतो. तो माणूस चालायला लागण्याच्या आधीच प्रभूचं लेकरू झाला होता.

तिसरी गोष्ट मला टोचली. दार अडवलं कोणी होतं? वैऱ्यांनी नाही. वचन ऐकायला आलेल्या लोकांनीच! म्हणजे आपल्यासारख्यांनीच.

आता पाठ कसा घेतला ते सांगतो. कोणाला उपयोग झाला तर देवाचं गौरव होवो.

आधी त्या मुलाच्या आईशी फोनवर बोललो, मग त्याच्याशी. प्रभूने आंधळ्या बार्तीमयालाही ‘तुझ्यासाठी मी काय करावं?’ असं विचारलं होतं, मग मी न विचारता कसं गृहीत धरू? मला वाटलं होतं, तो म्हणेल मला नाटकात घेऊ नका. तो म्हणाला, “मला घरमालक व्हायचंय. त्याचं छप्पर फोडलं, तो चिडला असणार ना!” इतकी वर्षं मी ही गोष्ट वाचतोय, पण घरमालकाचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

पक्षघाती कोणालाच बनवलं नाही. जुन्या चादरीवर उशांचं गाठोडं ठेवलं, बस्स. चालू न शकणारं मूल समोर असताना दुसऱ्याने लंगडण्याचा अभिनय करावा आणि बाकीच्यांनी हसावं, हे मला नको होतं.

कामं वयाप्रमाणे वाटली. चार ते सहा वर्षांची मुलं म्हणजे गर्दी. दारात दाटीवाटीने उभं राहायचं आणि “जागा नाही!” म्हणायचं. सात ते दहावाल्यांनी फ्रिजच्या मोठ्या खोक्याचं घर केलं. माझ्या आजोबांचं नगर जिल्ह्यातलं घर माळवदाचं होतं. लाकडी सरे, त्यावर फांद्या-काटक्या, वर माती. कफर्णहूमची घरंही साधारण अशीच, सपाट मातीच्या छपराची. वर जायला बाहेरून जिना. हे सांगितल्यावर छप्पर ‘उकरलं’ म्हणजे काय ते मुलांना कळलं. त्यांनी खोक्यावर काड्या आणि चुरगळलेले कागद पसरले. अकराच्या वरच्यांनी चादरीचे चार कोपरे धरले. एकाने मुद्दाम कोपरा सोडला तर काय होतं, तेही करून पाहिलं. गाठोडं लगेच घरंगळलं. न सांगता धडा समजला.

आणि आमचा घरमालक! “अरे, माझं छप्पर! पैसे कोण देणार?” असा ओरडला की सगळा वर्ग हसून लोटपोट झाला. मग तोच थांबून म्हणाला, “बरं, फोडा. पण नंतर नीट करून द्या.”

यानंतर आम्ही गोल बसलो. मी मुलांना सरळ सांगितलं, “प्रभू बरं करू शकतो, म्हणून आपण मागायचं. कधी तो लगेच बरं करतो, कधी डॉक्टरांच्या हातून. लूक स्वतः वैद्य होता. मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेही प्रभूचंच काम. आणि कधी आपण मागतो तसं होत नाही. का, ते मला माहीत नाही. पण ते विश्वास कमी पडला म्हणून झालं, असं मी तुम्हाला पुन्हा कधी सांगणार नाही. मागे मी तसं बोललो होतो. ते चुकलं. मला माफ करा.”

त्याची बहीण आता बारा वर्षांची आहे. तिनं वर पाहिलं. काही बोलली नाही. पण यावेळी खाली बघत नव्हती.

शेवटचा प्रश्न मोठ्या मुलांसाठी होता : “आपल्या चर्चमध्ये दार कोण अडवतं?” कोणी म्हणालं मोबाइल, कोणी म्हणालं भांडणं. मग एक सात वर्षांची पोरगी म्हणाली, “पायऱ्या.”

आमच्या चर्चच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. त्या मुलाचे बाबा दर रविवारी त्याला उचलून वर आणतात, मागून कोणीतरी खुर्ची आणतं. आम्ही ‘किती प्रेमळ बाप’ म्हणतो आणि आत जाऊन आपापल्या जागी बसतो. इतकी वर्षं! आणि मी इंजिनिअर म्हणवतो.

लगेच सगळे टेप घेऊन बाहेर गेलो. एकेक पायरी सहा इंच, म्हणजे अठरा इंच उंची. रॅम्पचा नियम एकास बारा : एक इंच चढायला एक फूट लांबी. म्हणजे अठरा फुटांचा रॅम्प हवा. धाकट्यांनी पावलं टाकून मोजलं, मधल्यांनी गुणाकार केला, मोठ्यांनी अर्ज लिहिला. सोळा सह्या झाल्या. चार वर्षांच्या मुलीने सहीच्या जागी फूल काढलं. घरमालकाने स्वतः तो अर्ज पाळकसाहेबांच्या हातात दिला. कमिटीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे, प्रार्थना करा.

प्रियांनो, बरं करणं प्रभूच्या हातात आहे. बाजेचा कोपरा मात्र आपल्या हातात आहे. उठ, असं म्हणण्याचा अधिकार त्या चौघांना नव्हता, आणि त्यांनी तसा आवही आणला नाही. त्यांनी वाट केली, मित्राला प्रभूच्या पायाशी सोडलं, आणि पुढचं त्याच्यावर सोपवलं. आपण कितीदा उलटं करतो! आजारी माणसाला विश्वासावर व्याख्यान देतो आणि दारात तसेच उभे राहतो.

आज एका आजारी माणसाचं नाव मनात आणा. त्याच्यासाठी प्रार्थना करा, आणि मग फोन करून विचारा : दवाखान्यात सोबत येऊ का? डबा पाठवू का? तुम्हाला रविवारी आणायला येऊ का?

प्रार्थना : हे प्रभू येशू, आमच्या घरात, मंडळीत जे आजारी आहेत त्यांना तुझ्या हाताचा स्पर्श होऊ दे. आम्ही ज्यांच्या मनावर दोषाचं ओझं टाकलं, त्यांचं ओझं तू उतरव आणि आम्हाला क्षमा कर. आमच्यामुळे कोणाची वाट अडली असेल, तर ती मोकळी करायला आम्हाला शिकव. आमच्या लेकरांना तुझं प्रेम आधी कळू दे, बाकी सगळं नंतर. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.